यादीत नसलेलं वजन

ट्रक बघायला जाताना सुचेताबाई घरातला चौरंग सोबत न्यायच्या. दर श्रावणात सत्यनारायणाला लागणारा, शिसवी, उंची बरोबर बावीस सेंटीमीटर. सुपरमार्केटच्या मोठ्या निळ्या पिशवीत तो घालायचा, शोरूममध्ये शिरायचं, आणि सेल्समन चकचकीत बॉनेटकडे हात करायला लागला की म्हणायचं, "नॉट दॅट एन्ड. ओपन द पॅसेंजर डोअर, प्लीज." मग दाराखाली चौरंग मांडून त्या स्वतः चढायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या आणि टेपने मोजून वहीत लिहायच्या. सदुसष्ट वर्षांची, पाच फूट एक इंच उंचीची, पंजाबी ड्रेसवर पफर जॅकेट चढवलेली बाई साडेतीन टन ओढणारा पिकअप ट्रक मागतेय, हेच आधी त्या मंडळींच्या पचनी पडत नसे. त्यात हा चौरंग. स्लाऊच्या एका पोरसवद्या सेल्समनने तर मिशीतल्या मिशीत हसत विचारलं, "इज युअर हजबंड जॉइनिंग अस?" बाई म्हणाल्या, "दॅट इज द होल प्रॉब्लेम."

सगळा घोळ खरंच तिथे होता. जो ट्रक त्यांचं घर ओढू शकत होता, त्यात नवऱ्याला चढता येत नव्हतं. ज्यात नवऱ्याला चढता येत होतं, तो ट्रक घर ओढू शकत नव्हता. जानेवारी संपत आला होता, आणि मार्चअखेरपर्यंत यातून वाट निघाली नाही तर राजीवरावांना केअर होममध्ये ठेवावं लागणार होतं.

राजीव कुंभोजकर हे काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं. त्यांचे वडील सांगलीच्या हळद बाजारात तोलाईदार, म्हणजे पोती काट्यावर चढवून वजन पुकारणारे. पहिल्या पोत्याला ते "एक" म्हणत नसत, "लाभ" म्हणत. लाभ, दोन, तीन. मोजणीची सुरुवात शुभ शब्दाने करायची, ही तिकडची जुनी रीत. राजीवराव इंजिनिअरिंग शिकले, लंडनला आले, आणि फिरून पुन्हा काट्यापाशीच उभे राहिले. लंडनच्या कडेच्या एका कौन्सिलमध्ये एकतीस वर्षं ते वजन-मापांचे इन्स्पेक्टर होते. भाजीवाल्याचा काटा, पेट्रोलचा पंप, पबातला ग्लास, लॉऱ्यांचा वजनकाटा, सगळं त्यांनी तपासून शिक्का मारायचा. काटा खोटा निघाला तर दुकानदार मित्र असो की मेव्हणा, खटला ठरलेला. मोजायला लागले की ऑफिसातही पुटपुटायचे, "लाभ, दोन, तीन."

अशा माणसाची गाठ पडली सुचेताबाईंशी. बाई ईलिंगमधल्या एका प्राथमिक शाळेच्या किचनमध्ये सव्वीस वर्षं. तीनशे पोरांचा बटाट्याचा मॅश अंदाजपंचे दाहोदरसे करायच्या आणि एक पोर कधी उपाशी राहिलं नाही. घरी राजीवराव बेसनाचे लाडू तोलून बघत. "हा त्रेपन्न ग्रॅम, हा एकसष्ट. याला काय म्हणायचं?"

"याला लाडू म्हणायचं. खा मुकाट्याने."

असा चाळीस वर्षांचा संसार. मुलगी एकच, आसावरी, इथेच जन्मलेली, आता एडिनबऱ्यात एका बँकेत.

इतक्या मापून-तोलून जगणाऱ्या माणसाने निवृत्त झाल्यावर आयुष्यात एकदाच घाई केली. त्यांनी ट्रकच्या आधी ट्रेलर घेतला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. तोही साधा कॅरव्हॅन नव्हे, फिफ्थ-व्हील. साधा कॅरव्हॅन गाडीच्या मागे हुकाला लटकतो. याची लांब मान ट्रकच्या हौद्यात येऊन बसते, म्हणजे घर ओढायचं आणि त्याचा थोडा भार पाठीवरही घ्यायचा. आत पायऱ्या चढून वर पलंग, खाली बैठक, ओव्हन, शॉवर. यॉर्कशरच्या एका म्हाताऱ्या जोडप्याने तो विकला आणि बकिंगहॅमशरच्या एका शेतावर आणून उभा करून दिला. "आता ट्रक सावकाश बघू," राजीवराव म्हणाले, "नीट हिशेब करून."

तो हिशेब तीन वर्षं चालला. लोक ट्रकचा रंग बघतात. हे दाराच्या कडेला ठोकलेली वजनांची पाटी वाचत. लाल पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येक ट्रकचं एक पान. तोवर दर शनिवार-रविवार दोघं शेतावर जाऊन उभ्या ट्रेलरमध्ये राहत, आणि राजीवराव प्रत्येक वस्तूला जागा ठरवून देत. चहाचा डबा इथे, चष्मा तिथे, दिव्याचं बटण उशाच्या डावीकडे. ट्रक आला की सहा महिने फिरायचं, स्कॉटलंडपर्यंत. बाईंनी वरच्या पलंगासाठी मराठी पद्धतीच्या गोधड्या शिवून ठेवल्या होत्या. ट्रक काही आला नाही, त्याआधी आजार आला.

डॉक्टरांनी त्याला लुई बॉडी म्हटलं. स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार, पण यात डोक्याबरोबर पायही विसरतात. चालता चालता उंबऱ्याशी पाऊल जमिनीला चिकटून राहायचं. एखादा दिवस इतका स्वच्छ, की पूर्वीचे राजीवराव पेपर वाचत बसलेत असं वाटावं. दुसऱ्या दिवशी त्यांना सुचेताबाई कौन्सिलच्या बाई वाटायच्या. ईलिंगचं घर तर त्यांना परकं झालं. "चल, उशीर झाला, आपल्या घरी जाऊ," म्हणत कोट घालून दाराशी उभे. दोनदा निसटले. एकदा पोलिसांनी त्यांना अक्सब्रिज रोडवरच्या एका भाजीच्या दुकानातून आणलं. तिथे ते काटा उचलून खालचा शिक्का शोधत होते. दुकानदार भला माणूस, त्याने त्यांना चहा पाजला होता.

आणि तोच माणूस शेतावरच्या ट्रेलरमध्ये गेला की शांत. चष्मा बरोबर ठेवलेल्या जागी, डावा हात न बघता बटणावर. रात्रभर झोप. सकाळी उठून विचारायचे, "सुचेता, आज कुठे जायचं?" बाई म्हणायच्या, "बघू." त्या ट्रेलरमध्येच त्यांना आपला नवरा अजून भेटत होता.

नोव्हेंबरात शेतमालकाचं पत्र आलं. जमीन विकली, गोदाम होणार, एकतीस मार्चपर्यंत सगळ्यांनी आपापले ट्रेलर हलवावेत. कुणीही म्हणेल, त्यात काय, भाड्याच्या ट्रकने दुसरीकडे नेऊन ठेवा. बाईंनी एकवीस साइट्सना फोन केले. राहायला मिळत होतं, पण सगळीकडे नियम तोच: अठ्ठावीस दिवस झाले की निघायचं. म्हणजे दर चार आठवड्यांनी ते घर उचलून पुढे न्यायचं. स्वतःचा ट्रक नसेल तर ते जमणार नव्हतं, आणि ट्रक असून राजीवराव त्यात बसणार नसतील तर त्या ट्रकचा उपयोग नव्हता.

दर रविवारी आसावरीचा फोन. "आई, ती होम खूप चांगला आहे. गार्डन आहे, गुजराती कुक आहे. एन्ड ऑफ मार्चपर्यंत ते जागा होल्ड करणार. तू का नाही ऐकत?"

"तिथे त्यांना बटण कुठेय ते माहीत नाही," बाई म्हणायच्या.

"आई, बटण? सीरियसली?"

बाई फोन ठेवायच्या. मुलीचं चुकत नव्हतं, आणि त्यामुळेच त्यांना जास्त राग येत होता.

फेब्रुवारीत त्यांनी अकरा ट्रक पाहिले. बसके, टू-व्हील ड्राइव्हचे पिकअप होते. त्यांत राजीवराव कारमध्ये बसतात तसे पाठमोरे बसू शकले असते, पण ते अडीच टनांच्या वर ओढत नव्हते आणि भरलेला ट्रेलर तीन हजार चारशे किलो. नाकापेक्षा मोती जड. फोर-व्हील ड्राइव्हचे उंच ट्रक साडेतीन टन लीलया ओढत, पण त्यांची पायरी पंचेचाळीस सेंटीमीटरवर आणि तिच्यावर पुन्हा तेवढीच चढण. फिजिओने सांगितलं होतं, वीस-बावीसच्या वर पाऊल उचलणार नाही. म्हणून तो चौरंग. एका गॅरेजवाल्याने इलेक्ट्रिक लिफ्ट बसवून देतो म्हटलं. मग म्हणाला तिचं वजन नव्वद किलो, ट्रेलरचा भार घेतल्यावर ट्रकच्या पाठीवर तेवढं वजन मावत नाही. बाई पार्किंगमध्ये चौरंगावर बसून सँडविच खायच्या आणि दुसऱ्या गावची बस पकडायच्या.

लाल वहीत राजीवरावांनी एका उंच ट्रकच्या पानावर हिरवी खूण केली होती. शेजारी लिहिलेलं, "सीट वर-खाली होणारी. सुचेता, ५ फूट १." चालवायची पाळी आलटून-पालटून असेल म्हणून लिहिलं असणार, असं बाईंना वाटलं. त्याच पानामागे सामानाची यादी होती. ट्रक, ट्रेलर, माणसं, सामान, सगळं मिळून सहा हजार किलोच्या वर एक किलोही जायचं नाही, असं ठळक लिहून खाली:

"लाभ: सुचेता, ५८. दोन: पाटा-वरवंटा, २४. तीन: शिलाई मशीन, १३. चार: साड्यांची पेटी, १७. पाच: बिडाचे तवे, कढई, ९." असं थेट सत्तेचाळीसपर्यंत. शेवटी, "पाण्याची टाकी रिकामी. एकूण ५,९८०."

बाईंनी दोनदा बोट फिरवत यादी वाचली. राजीवरावांचं नाव कुठेच नव्हतं. बिचारे, स्वतःलाच विसरले. किती आधीपासून आजार आत शिरला होता, आणि आपण बेसन भाजत बसलो. त्यांनी पुन्हा बेरीज केली नाही. सत्तर किलो माणूस, त्याने असा काय फरक पडणार, असा त्यांचा शाळेच्या किचनमधला हिशेब.

हिरव्या खुणेचाच ट्रक वॉटफर्डच्या एका डीलरकडे आला होता, चार वर्षं वापरलेला, करडा. त्या दिवशी टॅक्सी करून बाईंनी राजीवरावांना सोबत नेलं. दिवस चांगला निघाला. राजीवराव ट्रकभोवती फिरले, दाराची पाटी वाचली, आणि कुणी काही म्हणायच्या आत चौरंगावर पाय ठेवून, मग पायरीवर, मग आत जाऊन बसले. सीटबेल्टसुद्धा लावला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, देवाने कौल दिला. त्याच दिवशी सही केली. मागच्या हौद्यात ट्रेलरची मान बसवायचं जोखड लावून घेतलं, आणि टोइंग शिकवणाऱ्याकडे सहा धडे घेतले.

त्यानंतर राजीवराव एकदाही चढले नाहीत.

रोज सकाळी, नाश्ता झाला की, ईलिंगच्या त्या शांत रस्त्यावर तो खेळ चालायचा. ट्रकचं दार उघडं, खाली चौरंग, समोर राजीवराव, आणि पाऊल डांबराला चिकटलेलं. फिजिओने शिकवल्याप्रमाणे बाई म्हणायच्या, "वन, टू, थ्री, अप." काही नाही. गाणं म्हणून पाहिलं, जमिनीवर पांढऱ्या टेपच्या पट्ट्या चिकटवून पाहिल्या. एकदा पावसात बाई खाली गुडघ्यांवर बसल्या आणि दोन्ही हातांनी त्यांचा बूट उचलून चौरंगावर ठेवला. राजीवरावांनी दाराची चौकट अशी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली, आणि कुणा अनोळखी बाईला म्हणावं तसं म्हणाले, "सॉरी. आय अ‍ॅम सो सॉरी." समोरची शेजारीण पडद्याआडून बघत होती. बाईंनी बूट परत खाली ठेवला, नवऱ्याला घरात नेऊन बसवलं, आणि बाहेर येऊन ट्रकच्या चाकाला टेकून हमसून हमसून रडल्या. एवढा मोठा ट्रक, एवढी ताकद, आणि एक पाऊल उचलता येत नव्हतं. आपण मूर्ख आहोत, म्हातारपणी चळ लागलाय, पोरगी सांगते तेच खरं, असं त्यांना त्या दिवशी मनापासून वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी चौरंग पुन्हा बाहेर आला.

तीस मार्चला आसावरी आली. ठरलं ते असं: बाई ट्रक-ट्रेलर घेऊन शेतावरून निघतील, आसावरी आपल्या छोट्या गाडीतून बाबांना घेऊन मागे येईल. वहीच्या शेवटच्या पानावर राजीवरावांनी लिहून ठेवलं होतं, "निघण्याआधी काट्यावर." म्हणून पहिला थांबा शेतापासून दोन मैलांवरच्या खडीच्या डेपोतला सार्वजनिक वजनकाटा. तिथे बाबा ट्रकमध्ये चढले तर पुढे समुद्राकाठची साइट. नाही चढले तर आसावरी त्यांना तिथूनच होममध्ये नेईल. त्यांची बॅग तिने भरून डिकीत ठेवली होती, प्रत्येक शर्टाच्या कॉलरला नावाची पट्टी शिवून. ती पट्टी बघून बाईंना मुलीला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि एक थोबाडीत द्यावीशीही वाटली.

बाईंनी ट्रक चालवला. मागचं घर सरळ आलं. काट्याच्या लांबलचक लोखंडी पाटावर ट्रक आणि ट्रेलर दोन्ही मावले. समोर मोठ्या लाल आकड्यांचा फलक. काट्यावरचा माणूस खिडकीतून ओरडला, "होल्ड इट देअर, लव्ह." आकडे धावले आणि थांबले. ५,९८०.

राजीवराव आसावरीच्या गाडीतून उतरून, तिच्या हाताला धरून फलकापाशी आले होते. त्यांची मान ताठ झाली. आयुष्यभर असे आकडे वाचलेला माणूस तो. "वीस-वीसच्या टप्प्याचा काटा आहे," ते स्वच्छ मराठीत म्हणाले. "बरोबर भरलं."

बाई खाली उड्या मारतच उतरल्या. दिवस चांगला होता! त्यांनी चौरंग मांडला, दार उघडलं. "चला, बसा आता. निघायचं."

"मी नाही," राजीवराव म्हणाले. "माझं यात धरलेलं नाही."

"अहो, ते तुम्ही लिहायला विसरलात."

"विसरलो?" त्यांनी बायकोकडे पाहिलं, जसं ते एखाद्या दुकानदाराकडे पाहत. "चौदा ऑगस्टची यादी आहे. दोनदा तपासलेली."

बाईंना काही उमगेना. चौदा ऑगस्ट म्हणजे दीड वर्षापूर्वीचा, डॉक्टरांनी बाईंना निदान सांगायच्या तीन महिने आधीचा दिवस. त्यांनी आसावरीकडे पाहिलं. ती रडत होती.

"आई, बाबा विसरला नव्हता," ती म्हणाली. "तो ऑगस्टमध्ये जीपी डॉक्टरकडे एकटा गेला होता. ते लोक त्याला सगळी सांगितलं. मग मला फोन केला. म्हणाला, आईला एक ट्रक पाहिजे जी तिला एकटीला चालवता येईल. तिचा सगळा सामान त्यात बसायला पाहिजे. मी होममध्ये जाणार, होम तू शोध, आईला सांगू नको. आय प्रॉमिस्ड हिम, आई. आय प्रॉमिस्ड."

सीट वर-खाली होणारी. पाच फूट एक. पाटा-वरवंटा चोवीस, साड्या सतरा. त्यांच्या एकेका वस्तूला जागा करून देत देत या माणसाने स्वतःला बाहेर काढलं होतं. आणि त्या मात्र इतके दिवस त्याला भोळा, विसराळू समजून कणव करत होत्या.

कणव गेली आणि बाईंना असा संताप आला, की काट्यावरचा माणूस खिडकीतून मागे सरला. "एकतीस वर्षं लोकांवर खटले भरलेत तुम्ही!" त्या ओरडल्या. "पाच ग्रॅमसाठी दुकानं बंद केलीत. माझ्या लाडवांना नावं ठेवलीत. आणि स्वतः काटा मारता? बायकोच्या घरात काटा मारता? सबंध माणूस चोरलात यादीतून!"

राजीवरावांच्या चेहऱ्यावरचं स्वच्छ ऊन जायला लागलं होतं, ते बाईंना दिसत होतं. फार वेळ नव्हता.

त्यांनी हातातली चौरंगाची पिशवी फेकली. नवऱ्याला दारासमोर उभं केलं, वाकून आपला खांदा त्यांच्या कमरेखाली लावला. शाळेच्या किचनमध्ये त्यांनी मॅशचे वीस-वीस किलोचे डबे सव्वीस वर्षं उचलले होते. "आसावरी, पलीकडून चढ आणि हात ओढ त्यांचे." "आई, ही डिग्निफाइड नाहीये." "ओढ म्हणते ना!" राजीवरावांनी चौकट धरली, बाईंनी एकेक बोट सोडवलं. चौरंग कलंडला. त्यांचा बूट बाईंच्या गालावर लागला, चष्मा खाली पडला, कुणीतरी कण्हलं, ते कोण हे कुणालाच कळलं नाही. आणि मग राजीवराव सीटवर होते, केस विस्कटलेले, शर्ट बाहेर, धापा टाकत. असं नवऱ्याला चढवायचं त्यांच्या मनात कधी नव्हतं. पण दर अठ्ठावीस दिवसांनी असंच चढवावं लागलं तरी त्या चढवणार होत्या, हे त्यांना तेव्हाच कळलं.

आसावरीने खाली उतरून चष्मा उचलून बाबांना दिला आणि ती बाजूला झाली. बाई वळसा घालून आपल्या सीटवर बसल्या, दार ओढलं आणि समोर पाहिलं.

६,०६०.

काट्यावरचा माणूस चुकचुकला. सहा हजारांची पाटी त्यानेही वाचली होती. "कान्ट टेक दॅट ऑन द रोड, लव्ह. सिक्स्टी ओव्हर."

"साठ जास्त," राजीवराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "हे रस्त्यावर न्यायचं नाही, सुचेता. मला उतरव."

आसावरी खिडकीशी आली. "आई, बाबा माझ्या गाडीत बसेल ना. मी मागे येते."

"आज तुझ्या गाडीत. अठ्ठावीस दिवसांनी?"

मागे खडीचा एक ट्रक येऊन थांबला आणि त्याने हॉर्न दिला. राजीवराव सीटबेल्टचं बक्कल चाचपत होते, सोडवण्यासाठी. त्यांना ते सापडत नव्हतं.

सुचेताबाई खाली उतरल्या. ट्रेलरच्या बाजूचा सामानाचा कप्पा उघडला. सगळ्यात पुढे पाटा होता, जुन्या चादरीत गुंडाळलेला, त्यावर वरवंटा. आईने मिरजेहून पाठवलेला, चाळीस वर्षं चटणी वाटलेला. त्यांनी तो छातीशी धरला, लोखंडी पाटाच्या बाहेर चालत गेल्या आणि खडीच्या कडेला, गवतात ठेवला. पाठ सरळ केली.

"लाभ," त्या मोठ्याने म्हणाल्या.

मागचा ट्रक पुन्हा हॉर्न देत होता. बाई तशाच उभ्या राहिल्या, ट्रकच्या खिडकीकडे बघत. राजीवरावांचा हात बक्कलावरच होता. ते फलक वाचत होते, ओठ हलवत.

"दोन," ते म्हणाले.

बाई शिलाई मशीन आणायला गेल्या.